'उपाय सांगा' एवढ्याने भागत नाही

ऑगस्ट महिना. सातपुड्याच्या पायथ्याशी आठ-दहा दिवस झड लागलेली. यावल तालुक्यातील एखाद्या बागेत जूनमध्ये लावलेल्या केळीच्या रोपांवर पिवळेपणा दिसू लागतो. बागायतदार वडील पानाकडे निरखून पाहतात आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला फोन करून सांगतात. मुलगा कार्यालयातच असतो. तो तिथल्या तिथे चॅटजीपीटी, जेमिनी किंवा तत्सम एखाद्या सहायकाला विचारतो, 'केळीची पाने पिवळी पडत आहेत, उपाय सांगा.' अर्ध्या मिनिटात सुबक, मुद्देसूद, आत्मविश्वासाने भरलेले उत्तर पडद्यावर येते. नत्राची कमतरता असू शकते, लोहाची असू शकते, पाण्याचा निचरा होत नसेल, करपा असेल, विषाणू असेल, सूत्रकृमी असतील. प्रत्येक शक्यतेपुढे एकेक उपाय. मुलगा ते उत्तर जसेच्या तसे वडिलांना पाठवतो आणि वडील ते घेऊन कृषी सेवा केंद्राची पायरी चढतात.

हे चित्र कल्पनेतले आहे, पण खान्देशाशी नाते असलेल्या शहरी वाचकाला त्यात अनोळखी असे काही वाटणार नाही. आणि मुलाला मिळालेले उत्तर चुकीचे होते असेही म्हणता येणार नाही. पाने पिवळी पडण्याची ती सारी कारणे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. अडचण इतकीच, की ते उत्तर तमिळनाडूपासून इक्वेडोरपर्यंतच्या कोणत्याही केळीबागेला लागू पडते. यावलच्या या बागेत आज सकाळी काय करायचे, हे त्यात नाही. ते असणेही शक्य नव्हते, कारण बाग यावलची आहे, पाऊस आठ दिवसांचा आहे आणि रोपे दोन महिन्यांची आहेत, यातले काहीच यंत्राला सांगितलेले नव्हते.

येथे जे पणाला लागलेले असते ते लहान नाही. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावलच्या पट्ट्यात कुकुंबर मोझॅक या विषाणूने केळीच्या बागा घेरल्या, तेव्हा शेतकऱ्यांना उभी रोपे उपटून बांधावर फेकावी लागली होती. 'सीएमव्ही' या आद्याक्षरांनी आणि गावोगाव 'हरण्या' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाचे वैशिष्ट्य असे, की एकदा झाड बाधित झाले की त्यावर औषध नाही. रोगट रोप मुळासकट काढून नष्ट करायचे, विषाणू वाहून नेणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करायचा, बागेतले तण आणि आसपासची काकडीवर्गीय पिके यांच्याकडे लक्ष द्यायचे, एवढेच हाती असते. ढगाळ, दमट, सततच्या पावसाचे दिवस आणि कोवळी रोपे हा या रोगाला मानवणारा काळ. अशा वेळी आठ प्रकारच्या शक्यतांमागे धावत आधी सूक्ष्म अन्नद्रव्ये, मग बुरशीनाशक, मग आणखी काही अशा फवारण्या होत राहिल्या, तर औषधांचा खर्च जातो तो जातोच. पण रोगट रोप तितके दिवस बागेत उभे राहते आणि मावा त्याच्यावरून शेजारच्या रोपावर जात राहतो.

आता तोच प्रश्न जरा वेगळ्या रीतीने विचारला गेला असता तर? उदाहरणार्थ असा: 'जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात माझ्या वडिलांची केळीची बाग आहे. ग्रँड नैन वाण, उतिसंवर्धित रोपे, लागवड जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, अंतर ५ बाय ५ फूट, सुमारे ५००० खोडे. गेले दहा दिवस सतत रिमझिम पाऊस आणि ढगाळ हवा आहे. पिवळेपणा जुन्या खालच्या पानांवर नाही, नव्या पानांवर आहे. तो सर्वत्र सारखा नसून शिरांना समांतर तुटक पट्ट्यांत दिसतो. काही रोपांचा पोंगा सडू लागला आहे. बाधित रोपे एका कोपऱ्यात नसून बागभर विखुरलेली आहेत, आजवर मोजलेली साठ. शेजारच्या शेतात काकडी आहे. पंधरा दिवसांपूर्वी १९:१९:१९ दिले, फवारणी कोणतीही नाही. सर्वांत संभाव्य कारण कोणते, ते कशावरून, आणि ते नसेल तर दुसरे कोणते हे सांग. पुढच्या दोन दिवसांत प्रत्यक्ष बागेत काय करायचे ते क्रमाने लिही. औषध सुचवायचे असेल तर केळीसाठी त्याचा लेबल क्लेम आहे की नाही हे तपासायला सांग आणि मात्रा १५ लिटरच्या पंपाला किती ते लिही. ज्या गोष्टीची खात्री नाही ती वेगळी दाखव.'

या मजकुरात कोणतीही जादू नाही. संगणकशास्त्राचा एक शब्दही नाही. जळगावच्या केळी संशोधन केंद्रातील किंवा पाल येथील कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाला पत्र लिहिताना सुजाण शेतकरी जे लिहील, तेच येथे लिहिलेले आहे. नवे पान की जुने, पट्टा की ठिपका, विखुरलेले की एका ठिकाणी, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळताच शक्यतांची लांबलचक यादी झपाट्याने आखडते. नत्र कमी पडले तर जुनी पाने आधी आणि सर्वत्र सारखी फिकटतात. करप्याची सुरुवात बहुधा खालच्या पानांवर ठिपक्यांनी होते. हिवाळ्यातला चरका ऑगस्टमध्ये संभवत नाही. उरतो तो विषाणू, आणि त्याचा सल्ला इतर सर्व सल्ल्यांपेक्षा वेगळा आहे: फवारू नका, आधी उपटा.

असा फरक का पडतो, हे समजण्यासाठी ही यंत्रे कशी चालतात याची ढोबळ कल्पना पुरे. अफाट मजकूर वाचून, एका शब्दानंतर दुसरा कोणता शब्द येणे संभवनीय आहे याचा अंदाज बांधायला ती शिकलेली असतात. समोर ठेवलेला प्रश्न हाच त्या अंदाजाचा प्रारंभबिंदू असतो. प्रश्न मोघम असेल तर त्याला सर्वांत संभवनीय उत्तरही मोघमच असते, म्हणजे आजवर त्या विषयावर लिहिल्या गेलेल्या हजारो सर्वसाधारण लेखांची सरासरी. प्रश्नात तपशील आला की अंदाजाचे क्षेत्र आकसते. कृषी अधिकारी बांधावर उभा राहून पाहू शकतो, माती हातात घेऊ शकतो, शेजाऱ्याला हाक मारून विचारू शकतो. यंत्रापुढे असतो तो केवळ लिहून दिलेला मजकूर, फार तर एखादे छायाचित्र. छायाचित्रामुळे काम पुष्कळ सोपे होते हे खरे, पण लागवडीची तारीख छायाचित्रात उमटत नाही आणि शेजारच्या शेतातली काकडीही सहसा चौकटीबाहेरच राहते.

येथे भाषेचा एक पदर आहे आणि तो मराठी माणसाने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. या यंत्रांनी वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा प्रचंड आहे. मराठीचा वाटा त्या मानाने नगण्य. जी मराठी त्यांनी वाचली तीही मुख्यत्वे छापील मराठी: वृत्तपत्रे, शासकीय संकेतस्थळे, विश्वकोशातील नोंदी. खान्देशातल्या केळीच्या शिवारात मात्र वेगळीच शब्दसंपदा नांदते. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली ती मृगबाग आणि पावसाळा सरताना लावलेली ती कांदेबाग. आता 'माझ्या कांदेबागेला कोणते खत द्यावे' असे विचारले आणि 'केळी' हा शब्दच प्रश्नात नसला, तर यंत्राने कांद्याच्या पिकाचे खत व्यवस्थापन सविस्तर सांगितले तरी दोष कोणाला द्यायचा? पिलबाग, निसवण, पोंगा, चरका, हरण्या हे शब्द त्या मातीत नेमके आहेत. त्यांतला प्रत्येक शब्द अर्धे वाक्य वाचवतो. पण ज्याने ती माती पाहिली नाही त्याच्यासाठी सोबत एक स्पष्टीकरण जोडावे लागते: 'कांदेबाग, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेली केळी.' शेतातला शब्द टाकून देण्याचे कारण नाही. त्याच्या शेजारी अर्थ ठेवला की काम होते.

मापांचेही तसेच. केळीपट्ट्यात बाग अनेकदा एकरांत नव्हे तर खोडांत मोजली जाते. 'पाच हजारांची बाग' म्हटले की तेथे सर्वांना उमगते. ५ बाय ५ फुटांवर पाच हजार खोडे म्हणजे जेमतेम तीन एकर. यंत्र मात्र खताचे प्रमाण हेक्टरी किलोत सांगते आणि औषध लिटरमागे मिलीत. या दोहोंमधला त्रैराशिकाचा पूल कुणीतरी बांधावा लागतो, आणि तो घाईत बांधताना चुका होतात. यास्तव आपले माप आधी सांगावे आणि उत्तर त्याच मापात मागावे, हे साधे पथ्य अनेक घोटाळे टाळू शकते.

बहिणाबाई चौधरी याच जिल्ह्याच्या. त्यांच्या लेवा बोलीतील रचना लिहून ठेवल्या गेल्या म्हणून मराठी साहित्याच्या हाती लागल्या, आणि पुस्तकरूपाने त्या १९५२ मध्ये आल्या. लिहून ठेवले न गेलेले असे बोलीतले कितीतरी ज्ञान, शेतीचे असो वा औषधपाण्याचे, यंत्राच्या वाचनात कधी आलेलेच नाही. लेवा गणबोली, अहिराणी, सातपुड्याच्या पाड्यांवरील तडवी आणि पावरा समाजाच्या बोली यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. तेव्हा प्रमाण मराठीत विचारणाऱ्याला जे सहज मिळते त्यासाठी बोलीत विचारणाऱ्याला दुप्पट तपशील द्यावा लागतो. ही विषमता आहे आणि ती केवळ 'नीट विचारायला शिका' असे सांगून मिटणारी नाही.

तहसील कचेरीच्या आवारात टंकलेखन यंत्र पुढ्यात घेऊन बसणारे अर्जनवीस अनेकांनी पाहिले असतील. आता यंत्राच्या जागी संगणक आला, इतकाच बदल. त्यांचे खरे कौशल्य अक्षरात किंवा कायद्याच्या ज्ञानात कधीच नव्हते. गावाकडचा माणूस समोर येऊन 'साहेब, जमिनीचं लिहून द्या' एवढेच म्हणतो. अर्जनवीस त्याला प्रतिप्रश्न करतो. गट क्रमांक किती? सातबाऱ्यावर नाव कुणाचे? वडील कधी गेले? बहिणींची नावे लागली का? तलाठ्याकडे आधी अर्ज दिला होता का, त्याची पोच आहे का? दहा मिनिटांच्या या उलटतपासणीनंतर अर्ज उभा राहतो. एआय सहायकांचा कल नेमका याच्या उलट असतो. प्रतिप्रश्न करण्यापेक्षा मिळालेल्या अपुऱ्या माहितीवरच तत्परतेने उत्तर देण्याकडे ते झुकतात. माहितीतल्या फटी ते स्वतःच्या गृहीतकांनी भरून काढतात आणि ती गृहीतके प्रत्येक वेळी बोलून दाखवतातच असे नाही.

यावर एक साधा उपाय आहे. यंत्रालाच अर्जनवीसाच्या खुर्चीत बसवावे. 'उत्तर देण्यापूर्वी तुला ज्या गोष्टी माहीत असणे आवश्यक आहे त्यांचे प्रश्न मला आधी विचार, आणि माझी उत्तरे आल्यावरच सल्ला दे,' एवढी एक ओळ प्रश्नाच्या शेवटी लिहिली, तर संवादाचे स्वरूप पालटते. पुण्यातल्या त्या मुलाने ही ओळ लिहिली असती तर त्याच्यापुढे सात-आठ प्रश्न उभे राहिले असते, आणि त्यांतल्या एकाचेही उत्तर त्याला देता आले नसते. त्याला फोन उचलून विचारावे लागले असते, 'अप्पा, पिवळं कुठल्या पानावर आहे? वरच्या की खालच्या?' येथे या साऱ्या प्रकरणातली खरी गाठ सापडते. विचारण्याची भाषा मुलाकडे आहे आणि विचारण्याजोगा तपशील वडिलांकडे. शहरातला माणूस यंत्राशी सफाईदार बोलतो पण त्याच्यापाशी सांगायला फारसे नसते. बागेतल्या माणसाला एका दृष्टिक्षेपात जे कळते ते लिहून काढण्याची त्याला सवय नसते. उत्तम प्रश्न या दोघांच्या संभाषणातूनच तयार होऊ शकतो.

दरम्यान, 'प्रॉम्प्ट' लिहायला शिकवणाऱ्यांचा एक बाजार भरात आला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून 'शंभर शक्तिशाली प्रॉम्प्ट' अशा पुस्तिका आणि वर्ग यांचा सुळसुळाट झाला. 'तू जगातील सर्वश्रेष्ठ कृषितज्ज्ञ आहेस' अशा स्तुतीने प्रश्नाची सुरुवात करा, असे त्यांत आवर्जून सांगितले जाते. या मंत्रतंत्रामागे सुरुवातीला काही तथ्य होते हे नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये टोकियो विद्यापीठ आणि गुगलच्या संशोधकांनी दाखवून दिले, की प्रश्नाच्या शेवटी 'पायरीपायरीने विचार करू' या अर्थाचे एक वाक्य जोडले तर अंकगणिताच्या एका चाचणीत यंत्राच्या अचूक उत्तरांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ७८.७ टक्क्यांवर जाते. निष्कर्ष चकित करणारा होता आणि मंत्र-बाजाराला त्यातून मोठे बळ मिळाले. परंतु दोनच वर्षांत, सप्टेंबर २०२४ मध्ये, ओपनएआयने 'ओ१' या नावाने असे यंत्र आणले की जे कुणी न सांगताच टप्प्याटप्प्याने विचार करते; इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. तो मंत्र बहुतांशी निरुपयोगी झाला. आज पाठ केलेली सूत्रे उद्या अशीच निकामी होतील. लागवड जूनची आहे की ऑक्टोबरची हे सांगण्याची गरज मात्र यंत्र कितीही हुशार झाले तरी राहील, कारण ती माहिती यंत्राच्या बुद्धीत नसून बागायतदाराच्या वहीत आहे.

शेतीबाहेरच्या व्यवहारातही हेच दिसते, विशेषतः जेथे तारीख आणि टप्पा यांवर सारे अवलंबून असते तेथे. यावल तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याचे जंगल आहे, अभयारण्य आहे, आदिवासी पाडे आहेत आणि वनहक्काचे दावे हा तेथला जिव्हाळ्याचा विषय आहे. 'वनजमिनीचा पट्टा कसा मिळेल?' असे विचारले तर २००६ च्या वनहक्क कायद्याचा सारांश मिळेल, आणि तो बहुधा बरोबरही असेल. पण अर्जदार अनुसूचित जमातीचा आहे की इतर पारंपरिक वननिवासी, हे सांगितले नाही तर उत्तर अर्धवटच. पहिल्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. दुसऱ्याला त्याशिवाय तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य. दावा ग्रामसभेपुढे आहे, उपविभागीय समितीपुढे आहे की तेथे फेटाळला गेला आहे, यावर पुढची पायरी ठरते. उपविभागीय समितीचा निर्णय विरोधात गेला असेल तर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. निर्णयाची तारीख प्रश्नात नसेल तर यंत्र त्या मुदतीचा साधा उल्लेख तरी करील काय, हे दैवाधीन. येथे एक तपशील गाळणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरचा हक्क गमावणे ठरू शकते.

फळपीक विम्याची गोष्ट त्याच जातीची. हवामानाधारित विम्यात नुकसान प्रत्यक्ष बागेत जाऊन मोजले जात नाही, तर महसूल मंडळातील हवामान केंद्रावरील तापमानाच्या नोंदींवरून भरपाई ठरते. गारपीट किंवा वादळासारख्या नुकसानीची पूर्वसूचना मात्र ७२ तासांत द्यावी लागते. निकष शासन निर्णयानुसार ठरतात आणि बदलतात. त्यामुळे 'केळीच्या विम्याचे निकष सांगा' या प्रश्नाला यंत्राने तीन वर्षांपूर्वीच्या निर्णयातील आकडे दिले, तर ते आकडे एकेकाळी खरे होते म्हणून शेतकऱ्याला दिलासा मिळणार नाही. कोणत्या वर्षीचा, कोणत्या हंगामाचा, कोणत्या मंडळाचा, हे लिहिणे आणि 'कोणत्या शासन निर्णयाच्या आधारे सांगतोस त्याची तारीख दे' असे बजावणे, येथे अत्यावश्यक ठरते. जाता जाता एक सावधगिरी: या साऱ्या तपशिलांत आधार क्रमांक, बँक खाते वा सातबाऱ्याची नावासकट प्रत टाकण्याची काहीच आवश्यकता नसते. सल्ल्यासाठी परिस्थिती लागते, ओळख नव्हे.

स्पष्ट सूचनेची ताकद सांगताना तिची मर्यादाही सांगायला हवी, अन्यथा ही दुसरी मंत्रविद्याच व्हायची. नेमके विचारले म्हणजे नेमके खरेच मिळते असे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीविरुद्धचा आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण त्यात आधारादाखल दिलेले तीन न्यायनिवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने पुढे केलेल्या गोष्टींवर डोळे मिटून विसंबू नये, त्या पडताळूनच वापराव्यात, असे न्यायालयाने त्या वेळी सुनावले. त्याआधी जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघराज्य न्यायालयाने अशाच बनावट निवाड्यांपायी वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला होता. त्या प्रकरणातला बोधप्रद भाग असा, की वकिलाने चॅटजीपीटीला 'हा खटला खरा आहे ना?' असे विचारलेही होते आणि त्याला होकारार्थी उत्तर मिळाले होते. साक्षीदारालाच त्याच्या साक्षीचा पुरावा विचारण्यासारखे हे झाले. 'खात्री नसेल तर तसे सांग' ही सूचना उपयोगी आहे. तिच्यामुळे खोट्या आत्मविश्वासाला काहीसा लगाम बसतो. पण पडताळणी यंत्राबाहेरच व्हावी लागते: औषधाच्या वेष्टनावर, शासन निर्णयाच्या मूळ प्रतीत, कृषी विज्ञान केंद्राच्या दूरध्वनीवर.

राज्य सरकारने या क्षेत्रात पाऊल टाकले आहे ही समाधानाची बाब. मे २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे शेतकऱ्यांसाठीचे एआय अ‍ॅप सुरू झाले. त्यात मराठीतून प्रश्न विचारता येतात. पाठोपाठ जूनमध्ये मंत्रिमंडळाने २०२५ ते २०२९ या कालावधीसाठी 'महाअ‍ॅग्री-एआय' धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. पैसा आहे, इच्छाही दिसते. प्रश्न असा, की नीट विचारण्याचे ओझे कोणी वाहायचे? जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरला फोन लावणाऱ्या शेतकऱ्याने 'पानं पिवळी पडताहेत' एवढेच म्हटले तरी चालत असे, कारण पलीकडचा माणूस विचारीत असे: तालुका कोणता, पीक किती महिन्यांचे, पाणी कसे देता? प्रश्नाला आकार देण्याचे काम तेथे सल्ला देणाऱ्याचे होते. अ‍ॅपमध्ये एक रिकामी चौकट ठेवून 'आपला प्रश्न येथे लिहा' म्हटले, की ते काम अलगद शेतकऱ्याच्या अंगावर पडते. ज्याला लिहिण्याची सवय आहे, प्रमाण मराठी येते, मुलगा पुण्यात आहे, तो हे ओझे पेलील. इतरांना सर्वसाधारण लेखांची सरासरी मिळत राहील.

खासगी कंपन्यांच्या सर्वसामान्य सहायकांकडून प्रत्येक पिकासाठी प्रश्नावलीची अपेक्षा धरणे कदाचित अति होईल. जनतेच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या यंत्रणेकडून ती धरायलाच हवी. केळीचा प्रश्न आला की महाविस्तारने आधी मृगबाग की कांदेबाग, नवे पान की जुने, पट्टा की ठिपका, असे चार प्रश्न बोलून विचारावेत, आणि त्यांची उत्तरे आल्याखेरीज औषधाचे नावही घेऊ नये. 'हरण्या' म्हणजे काय हे त्याला ठाऊक असावे. ही मागणी तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही. त्यासाठी यावल-रावेरच्या बागायतदारांबरोबर, फैजपूर-सावद्याच्या कृषी सेवकांबरोबर बसून त्यांचे शब्द आणि त्यांचे प्रश्न टिपून घ्यावे लागतील. धोरणातल्या कोट्यवधींच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, फक्त तो संगणकावर नव्हे तर बांधावर करायचा आहे.

तोवर पुण्यातल्या मुलाला फोनच करावा लागणार. अप्पा बागेत जाऊन पाहून येतात आणि सांगतात की पट्टे नव्या पानांवर आहेत, शेजाऱ्याची काकडी आहे, आणि मोजली तेव्हा साठ होती ती रोपे आता ऐंशी झाली आहेत. मुलगा ते सारे लिहितो. या वेळचे उत्तर लहान असते: लक्षणे विषाणूची वाटतात, रोपे आजच उपटा, माव्याकडे लक्ष द्या, आणि एक रोप पिशवीत घालून पाल किंवा जळगावच्या केंद्रात दाखवून खात्री करून घ्या. अप्पांना ते पटते. मनातून त्यांनाही तीच शंका होती. फोन ठेवण्यापूर्वी ते म्हणतात, 'उपटलेल्या रोपांचं काही अनुदान बसतं का, तेही इचार बरं त्याले.' मुलगा पुन्हा लिहायला घेतो, आणि त्याच्या ध्यानात येते की गट क्रमांक, ई-पीक पाहणीची नोंद झाली की नाही आणि रोपांच्या खरेदीची पावती कुणाच्या नावे आहे, यातले त्याला काहीच माहीत नाही.